शाळेच्या वेबसाइटवरचे लॉगिन प्लगइन सुरक्षित आहे का? असे तपासा



आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरले आणि 2020 चे ग्लोबल टीचर प्राइज मिळवले. तंत्रज्ञानाला आपण शिक्षक घाबरत नाही, हे खरेच. काही शाळांनी वर्डप्रेसवर स्वतःची वेबसाइट केली आहे. मग कधीतरी ठरते, "पालकांना लॉगिन देऊ या." कुणीतरी एक फुकटचे प्लगइन टाकते. पाच मिनिटांचे काम!

पण त्या लॉगिनमागे काय असते? मुलांची जन्मतारीख, पत्ता, फोटो, पालकांचे मोबाइल नंबर. पासवर्ड बदलता येतो, मुलाची जन्मतारीख बदलता येत नाही. म्हणून प्लगइन टाकण्याआधी ते पारखून घ्यायला हवे.

प्लगइन म्हणजे काय?

वेबसाइट हे घर धरले, तर प्लगइन म्हणजे बाहेरून आणून बसवलेली वस्तू. लॉगिन प्लगइन हे मुख्य दाराचे कुलूप. ते दुसऱ्या कुणीतरी बनवलेले असते, म्हणून बनवणारा कोण, हा पहिला प्रश्न. (तुमचा ब्लॉग ब्लॉगरवर असेल तर लॉगिनचे काम गुगलच पाहते, तिथे हा प्रश्न येत नाही.)

खरे घडलेले उदाहरण

रिअली सिंपल सिक्युरिटी हे वर्डप्रेसचे प्रसिद्ध प्लगइन. 2024 मध्ये ते 40 लाखांहून जास्त वेबसाइटवर बसवलेले होते, आणि कामच सुरक्षेचे. नोव्हेंबर 2024 मध्ये वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने त्यातली एक गंभीर चूक जाहीर केली. गंमत बघा, चूक सापडली ती दुहेरी पडताळणीच्या, म्हणजे ओटीपीसारखा दुसरा पुरावा मागणाऱ्या सोयीत!

झाले असे, की एक भाग येणाऱ्याचा पास तपासायचा आणि "हा पास खोटा आहे" असे सांगायचा. पण दार उघडणारा भाग ते ऐकूनच घ्यायचा नाही, सरळ आत सोडायचा. फाटकावर शिपाई ओरडतोय आणि आतला माणूस कडी काढतोय, तसेच. ज्यांनी ही सोय चालू केली होती, त्यांच्या साइटवर पासवर्ड नसतानाही ॲडमिन म्हणून शिरता येत होते. धोक्याला 10 पैकी 9.8 गुण दिले गेले. 9.0.0 ते 9.1.1.1 या आवृत्त्यांत ही चूक होती, 9.1.2 मध्ये ती दुरुस्त झाली. वर्डप्रेसने बहुतेक साइटवर हे अपडेट परस्पर पाठवले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. लाखो लोक वापरतात म्हणून प्लगइन निर्दोष ठरत नाही. आणि चूक कुणाचीही होते, ती किती लवकर दुरुस्त होते ते महत्त्वाचे.

टाकण्याआधी काय पाहाल?

1. प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातूनच घ्या. पैसे देऊन घ्यायचे प्लगइन टेलिग्रामवर फुकट मिळाले, तरी घेऊ नका. त्यात चोरवाट असू शकते.
2. शेवटचे अपडेट कधीचे आहे? दोन-दोन वर्षे कुणी हात लावला नसेल तर नको.
3. प्लगइनच्या नावाने वर्डफेन्स किंवा पॅचस्टॅकच्या यादीत शोधा. जुनी चूक दिसली तर घाबरू नका, ती दुरुस्त झाली का ते पाहा.
4. खरेच गरज आहे का? फक्त सूचना द्यायच्या असतील तर लॉगिन कशाला?

टाकल्यावर घरच्या घरी चाचणी

- मुद्दाम दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाका. तरीही अडवत नसेल तर चोरालाही अडवणार नाही. वर्डप्रेस स्वतःहून ही मर्यादा घालत नाही.
- चुकीचे नाव टाकल्यावर "हे नाव नोंदलेले नाही" असा संदेश येतो का? म्हणजे कोणती नावे खरी आहेत ते चोराला कळते.
- लॉगआउट करा आणि खाजगी पानाचा पत्ता इन्कॉग्निटो विंडोत टाका. पान उघडता कामा नये.
- निकालाच्या पीडीएफचा थेट पत्ताही तसाच टाकून बघा. पान बंद असले तरी फाइल अनेकदा उघडते! ही चूक फार जणांच्या लक्षातच येत नाही.

मात्र हे प्रयोग फक्त आपल्याच वेबसाइटवर करा. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय केले तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार अडचणीत याल.

शेवटी

ऑटो अपडेट चालू ठेवा, ॲडमिनचा अधिकार एक-दोघांनाच द्या, बदली झालेल्या शिक्षकांचे खाते बंद करा आणि बॅकअप घेत चला. पालकहो, तुम्हीही शाळेला विचारा, "आमच्या मुलाची कोणती माहिती साइटवर आहे, आणि ती कोण पाहू शकते?" 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे.

कुलूप एकदा लावून भागत नाही, रोज रात्री ओढून बघावे लागते. आज शाळा सुटल्यावर दहा मिनिटे काढा आणि वरच्या चार चाचण्या करून बघा.