इंडस क्रीड

इंडस क्रीड (पूर्वीचे नाव रॉक मशीन) हा मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेला रॉक संगीतसमूह होय. भारतातील रॉक वादक प्रामुख्याने परदेशी गाण्यांची पुनरावृत्ती करीत असत, त्या काळात स्वरचित इंग्रजी गाण्यांवर कार्यक्रम उभा करणाऱ्या अग्रणी समूहांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

मुंबई, कोलकाता, बंगळूर आणि ईशान्य भारतातील शहरांत १९६० च्या दशकापासून गिटार व ड्रम वाजविणारे तरुणांचे समूह दिसू लागले. १९७० व १९७१ मधील ‘शिमला बीट’ स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकांत काही स्वतंत्र रचनाही आढळतात. परंतु अशा रचनांना पुढे सातत्य लाभले नाही. श्रोत्यांना रेडिओवर किंवा परदेशातून आणलेल्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेलीच गाणी हवी असत. मूळ गाण्याशी वादन जितके जुळेल, तितका समूह चांगला, अशी परीक्षेची पद्धत होती. चांगली वाद्ये आयात करावी लागत व ती महाग पडत. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा मुख्य व्यवसाय चित्रपटसंगीताचा होता. अशा परिस्थितीत अनोळखी गाणे सादर करणे म्हणजे हाती असलेले श्रोते गमावण्याचा धोका पत्करणे होते.

रॉक मशीन

रॉक मशीननेही प्रारंभी परदेशी गाणीच वाजविली. पुढे मात्र समूहाने स्वतःच्या रचनांचा आग्रह धरला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बास गिटारवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया आणि ड्रमवादक मार्क मेनेझेस हे या कालखंडातील प्रमुख सदस्य होत. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे समूहाचे पहिले दोन अल्बम. महाविद्यालयीन महोत्सव आणि धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह ही त्या वेळच्या मुंबईतील रॉक संगीताची मुख्य व्यासपीठे होती.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्हीचे प्रसारण भारतात पोहोचले. गाण्याच्या चित्रफितीला प्रथमच नियमित स्थान मिळाले आणि त्याचा लाभ या समूहाला झाला. १९९३ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार प्राप्त झाला.

नामांतर

‘रॉक मशीन’ हे नाव जगातील कोणत्याही शहरातील समूहाला शोभले असते. १९९३ मध्ये स्वीकारलेल्या ‘इंडस क्रीड’ या नावात ‘इंडस’ म्हणजे सिंधू नदी आणि ‘क्रीड’ म्हणजे श्रद्धा किंवा मत. त्यामुळे आपण कोठले, याचा निर्देश नावातच झाला. याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

विघटन व पुनरागमन

ज्या दूरचित्रवाणीने समूहाला देशभर नेले, तिचेच धोरण लवकर पालटले. १९९४ मध्ये सुरू झालेली चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये भारतासाठी स्वतंत्रपणे आलेली एमटीव्ही या दोन्ही वाहिन्यांनी अधिक प्रेक्षक मिळविण्यासाठी हिंदी चित्रपटगीते व हिंदी पॉप यांना प्राधान्य दिले. इंग्रजी रॉकसाठी जागा आक्रसली. १९९७ मध्ये समूह विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्क येथे ‘अ‍ॅल्म्स फॉर शांती’ हा समूह स्थापन करून रॉक व भारतीय संगीत यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया यांनी नव्या सहकाऱ्यांसह इंडस क्रीडचे पुनरुज्जीवन केले. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध झाला.

महत्त्व

इंग्रजी गीते आणि महानगरी श्रोतृवर्ग यांमुळे या समूहाची कीर्ती मर्यादित राहिली. मुंबई हीच कर्मभूमी असूनही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, उदाहरणार्थ बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावांत, त्याचे नाव फारसे परिचित नाही. मराठीतील संगीतविषयक लेखनात नाट्यसंगीत, भावगीत, लोकसंगीत व शास्त्रीय संगीत यांची परंपरा विपुलपणे नोंदली गेली. रॉक संगीत मात्र ‘पाश्चात्त्य’ म्हणून बहुधा बाजूला राहिले. वस्तुतः संवादिनी आणि व्हायोलिन ही वाद्येही परदेशातूनच आली व येथील कलावंतांनी ती आपलीशी केली. वाद्य परके असल्याने रचना परकी ठरत नाही. ती कोणाच्या अनुभवातून निर्माण झाली, हे महत्त्वाचे असते. नंतरच्या काळात भारतीय रॉक समूहांनी स्वतःची गाणी, पुढे स्वतःच्या भाषांतही, सादर करणे स्वाभाविक मानले जाऊ लागले. ही सवय श्रोत्यांना लावणाऱ्यांत इंडस क्रीडचा वाटा मोठा आहे. अल्बमांच्या संख्येवरून किंवा खपावरून त्याचे मूल्यमापन केल्यास हा वाटा दृष्टीआड होतो.