नरक्या, कॅम्प्टोथेसिन आणि वैद्यांची जबाबदारी

सह्याद्रीत महाबळेश्वर, आंबोली या परिसरात 'नरक्या' हा लहानसा वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंध असतो. नोथापोडायटिस निम्मोनियाना हे त्याचे शास्त्रीय नाव. जुन्या वनस्पतिग्रंथांत तो मॅपिया फिटिडा या नावाने येतो. 'कर्करोगावरील झाड' अशी ख्याती झालेल्या वनस्पतीच्या चूर्णाची रुग्णांकडून मागणी होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ही ख्याती कशावर आधारलेली आहे आणि तिची मर्यादा कोणती, हे वैद्यांनी व औषधी विक्रेत्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

संशोधनाचा प्रवास

१९६६ साली अमेरिकेतील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळे केले. डॉ. वाणी हे मूळचे नंदुरबारचे. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे दाखविले.

प्राण्यांवरील प्रयोगांत हे द्रव्य अर्बुदांवर प्रभावी ठरले होते. परंतु ते पाण्यात विरघळत नसल्याने १९७०च्या दशकाच्या आरंभी रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देण्यात आला. त्या रूपात रेणूतील लॅक्टोन वलय उघडते व गुण क्षीण होतो. लाभ अल्प झाला; उलट अस्थिमज्जेचा ऱ्हास, तीव्र अतिसार व रक्तयुक्त मूत्रासह बस्तिशोथ असे उपद्रव उद्भवले. अखेर त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

१९८५ मध्ये या द्रव्याच्या कार्याचा उलगडा झाला. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते डीएनएवरच जखडून ठेवते. परिणामी पेशी मरते. त्यानंतर रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे सिद्ध झाली. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पहिले बीजकोशाच्या, तर दुसरे बृहदांत्राच्या कर्करोगासाठी. द्रव्य हाती आल्यापासून औषध होईपर्यंत ३० वर्षे गेली, आणि अखेर रुग्णास मिळाले ते मूळ द्रव्य नव्हेच.

चूर्ण म्हणजे औषध नव्हे

वत्सनाभ शोधनाशिवाय देऊ नये, हे आपणांस सांगावयास नको. त्याची मात्रा व उपद्रव परंपरेने पारखलेले आहेत. नरक्याच्या चूर्णास असा आधार नाही. झाडागणिक द्रव्याचे प्रमाण बदलते; शुद्ध स्वरूपातही घातक ठरलेले द्रव्य अनिश्चित मात्रेत देणे चिकित्सेच्या मर्यादेत बसत नाही.

दुसरी बाब संयोगाची. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीच्या सेवनाने इरिनोटेकॅनच्या क्रियाशील रूपाची रक्तातील पातळी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्या पिप्पली व मरीचातील पायपरीन हेही औषधांचे चयापचय करणाऱ्या विकरांवर परिणाम करू शकते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास कोणताही योग देण्यापूर्वी चालू औषधांची नोंद पाहावी, अर्बुदतज्ज्ञास कळवावे आणि ती चिकित्सा सोडण्याचा सल्ला देऊ नये. बलरक्षण, अग्निरक्षण व वेदनाशमन यांत वैद्यास मोठे कार्य आहे. तेही परस्पर विचारानेच करावे.

विक्रेत्यांसाठी दोन सूचना. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४च्या औषधी व जादूचे उपाय अधिनियमानुसार निषिद्ध आहे. तसेच, लाकडासाठी समूळ तोडीमुळे सह्याद्रीतील नरक्या विरळ झाला आहे; अनधिकृत तोडीचा माल घेणाराही त्या ऱ्हासाचा भागीदार ठरतो.

वनस्पतींतून कर्करोगावरील औषधे मिळाली आहेत व पुढेही मिळतील. ती शोधण्यात आयुर्वेदाने अवश्य सहभागी व्हावे. मात्र प्रयोगशाळेतील आशेचे ओझे रुग्णाच्या देहावर टाकू नये.