लॅपटॉपची घरघर : पंखा नव्हे, ताप उतरवा

ठाणे जिल्ह्यात मानपाडा दोन आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यालगत. दोन्हीकडे वाहनांची वर्दळ, दोन्हीकडे मेट्रोची कामे आणि दोन्हीकडे सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा धुळीने माखलेली. अशा भागातल्या एखाद्या वन बीएचके घरात रात्री अकराला काय दिसते? आजी-आजोबा हॉलमध्ये आडवे झालेले असतात, धाकटे मूल झोपलेले असते आणि पलंगावर, उशीवर ठेवलेल्या सहा-सात वर्षे जुन्या लॅपटॉपवर कुणाचा तरी अभ्यास किंवा ऑफिसचे काम चालू असते. थोड्याच वेळात लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. आजी कूस बदलतात. काम करणारा कानाला हेडफोन लावून आवाज वाढवतो.

बाहेरच्या आवाजाला निदान कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी होता. घरातल्या लॅपटॉपसाठी मात्र पोलिसांना फोन करता येत नाही. तो बंदोबस्त आपणच करायचा असतो.

झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. पूर्ण वेगाने फिरणारा लॅपटॉपचा पंखा जवळून साधारण ४० ते ५० डेसिबल आवाज करतो. आकड्यांतला फरक लहान वाटतो, पण दर १० डेसिबलला आवाज कानाला जवळपास दुप्पट जाणवतो. त्यातही त्रास देतो तो त्याचा चढ-उतार. छताचा पंखा एका लयीत फिरतो, म्हणून त्याची सवय होते. लॅपटॉपचा पंखा मध्येच जोरात सुटतो, मध्येच थांबतो. झोपेत कान बंद होत नाहीत. आवाज बदलला की मेंदू क्षणभर सावध होतो आणि गाढ झोप तुटते. ज्येष्ठांची झोप मुळातच सावध असल्याने त्यांना हे जास्त जाणवते.

पंख्याचा आवाज दाबण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवणे ही दुसरी चूक. ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे प्रौढांसाठी सुरक्षित मानले जाते. तोच ९० डेसिबलवर गेला की ही मुभा जेमतेम ४ तासांवर येते.

मग उपाय काय? आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पंख्याचा आवाज हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आलेल्या माणसाला घाम फुटतो, म्हणून कुणी घामाचा इलाज करत नाही. तापाचे कारण शोधतात. लॅपटॉपचेही तसेच आहे. आतला प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि पंखा त्या जाळीतून हवा फुंकून ती बाहेर टाकतो. वाट मोकळी असेल तर पंख्याला हळू फिरूनही भागते. पंख्याचा वेग निम्मा झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे उष्णता थोडी कमी केली तरी कानाला मोठा फरक पडतो. उलट सॉफ्टवेअरने पंखा जबरदस्तीने मंद केला किंवा लॅपटॉप कापडाने झाकला, तर आवाज जाईल पण ताप वाढेल.

पहिला उपाय फुकटचा आहे. लॅपटॉप उशी, गादी, रजईवर ठेवू नये. हवा आत घेण्याची छिद्रे बहुधा तळाशी असतात आणि मऊ गादीत ती बुजतात. टेबल किंवा लाकडी पाट वापरावा आणि मागच्या बाजूला दोन खोडरबर ठेवून लॅपटॉप बोटभर उचलावा. मांडीवरही ठेवू नये. रोज तासन् तास गरम लॅपटॉप मांडीवर घेतल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये झाली. न्यूयॉर्क राज्यात २९ तरुणांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर वृषणांच्या पिशवीचे तापमान अडीच अंश सेल्सिअसहून अधिक वाढलेले आढळले.

दुसरा उपाय कामाचा बोजा कमी करण्याचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर कोण खातो आहे, ते तिथे दिसते. बहुतेकदा ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले वीस-पंचवीस टॅब किंवा चालू करताच आपोआप सुरू होणारी ॲप सापडतात. ती बंद करावीत. पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, तर अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा जादा वेग बंद होतो. लिखाण, ईमेल, ऑनलाइन वर्ग यांत फरक जाणवत नाही, पंखा मात्र शांत होतो. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. तिथे पॉवर मोड ‘बॅटरी बचत’कडे न्यावा.

तिसरा उपाय धुळीचा, आणि मानपाड्यात तो टळत नाही. रस्त्याची आणि बांधकामाची धूळ, त्यात स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर आणि पावसाळ्यातला दमटपणा. यांचा मिळून पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा थर बसतो. सफाईआधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. दाबाच्या हवेचा डबा सरळ धरून छिद्रांतून हवेचे छोटे झोत द्यावेत. त्या वेळी पंखा टूथपिकने अडवून धरावा, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. हे काम गॅलरीत, मास्क लावून करावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला तिथे थांबू देऊ नये.

एवढे करूनही आवाज राहिला तर दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. प्रोसेसर आणि तांब्याच्या नळीमधली थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळते आणि उष्णता पुढे जात नाही. ती बदलून आतली पूर्ण सफाई करून घ्यावी. आवाज हवेच्या झोतासारखा नसून खरखर किंवा टकटक असा येत असेल, तर पंख्याचे बेअरिंगच झिजलेले असते. तिथे पंखा बदलणे हाच इलाज. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

एका लक्षणाकडे मात्र दुर्लक्ष नको. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळ फुगला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. सततची उष्णता बॅटरीचे आयुष्य घटवते आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. असा लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि जाणकाराकडूनच ती काढून घ्यावी.

उपचार लागू पडला का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. रात्री घर शांत झाल्यावर लॅपटॉप टेबलावर ठेवून एकच फाइल उघडावी आणि दहा मिनिटे थांबावे. शेजारच्या खोलीत पंखा ऐकू येत नसेल तर ताप उतरला. काम पुढे चालू ठेवायला हरकत नाही, आजींची झोप मोडणार नाही.