व्होल्गेवरील अकरा माणसें : एका तैलचित्राची अनुकृति

'नक्कल' हा शब्द आपल्या घरांत बहुधा निंदेच्याच अर्थीं योजिला जातो. परीक्षेंत नक्कल करणारा मुलगा आणि बाजारांत विकली जाणारी नकली वस्तु या दोहोंचीं नांवें एकाच सुरांत घेण्याची आपणांस संवय झाली आहे. त्यामुळें एखादा तरुण चित्रकार दुसऱ्याचें चित्र जसेंच्या तसें उतरवूं लागला म्हणजे, "यांत त्याचें कौतुक तें काय?" असें वडील मंडळी विचारतात. पण ज्या परंपरेंत संहिता मुखोद्गत झाल्यावर तीच पुन्हां पदपाठानें, क्रमपाठानें, जटेनें आणि घनानें घोकीत, त्या परंपरेच्या वारसांनीं हा प्रश्न जरा जपून विचारावा. घनपाठी वैदिक नवा मंत्र रचीत नव्हता. तरी त्याच्यामुळेंच जुना मंत्र शुद्ध राहिला. चित्रकलेंतही असा घनपाठ असतो, व तो कसा चालतो हें येथें सांगावयाचें आहे.

निमित्त असें कीं, येथें बिरवाडीस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें इल्या रेपिन या रशियन चित्रकाराच्या 'व्होल्गेवरील बुर्लाक' या तैलचित्राची अनुकृति हातीं घेतली. बुर्लाक म्हणजे नदीच्या कांठानें चालत दोरानें नौका प्रवाहाविरुद्ध ओढून नेणारा मजूर. रेपिन १८४४ सालीं जन्मला आणि १९३० सालीं वारला. १८७० च्या उन्हाळ्यांत तो व्होल्गेच्या कांठीं जाऊन राहिला, मजुरांशीं बोलला, त्यांचीं रेखाटनें केलीं, आणि १८७३ सालीं त्यानें चित्र पुरें केलें. चित्राची उंची १३१.५ सेंटिमीटर व रुंदी २८१ सेंटिमीटर असून तें सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन संग्रहालयांत आहे.

त्या काळीं रशियांतील कलेंत मोठी खळबळ चालू होती. १८६३ सालीं तेथील राजकीय कला-अकादमीच्या चौदा विद्यार्थ्यांनीं, 'पुराणकथेंतील देवांची मेजवानी' हा ठरवून दिलेला विषय रंगविण्याचें नाकारून अकादमी सोडली. इव्हान क्राम्स्कोय हा त्यांचा पुढारी. पुढें १८७० सालीं गांवोगांव प्रदर्शनें नेणाऱ्या चित्रकारांची मंडळी स्थापन झाली. रेपिन तींत १८७८ सालीं सामील झाला. डोळ्यांपुढें जो शेतकरी, जो मजूर आहे तो रंगवावा, असा या सर्वांचा आग्रह होता.

चित्रांत अकरा माणसें आहेत. पिवळ्या वाळूवरून तीं एका घोळक्यानें पुढें वांकून चाललीं आहेत व प्रत्येकाच्या छातीवर ओढण्याचा पट्टा आहे. सर्वांत पुढें कानिन नांवाचा, पूर्वीं धर्मोपदेशक असलेला मनुष्य आहे. मधोमध एक पोरगा तेवढा ताठ उभा राहून आपला पट्टा सैल करूं पाहत आहे. मागें शिडाची नौका, आणि अगदीं दूर क्षितिजावर एका आगबोटीचा धूर दिसतो. आगबोट निघाली असतांही माणसें अजून दोर ओढीतच आहेत, एवढें त्या धुराच्या रेषेनें सांगून टाकलें आहे.

आतां रीत पाहूं. जुन्या युरोपीय पद्धतीचें तैलचित्र एका बैठकींत होत नाहीं. तें थरांनीं वाढतें. प्रथम कापडास सरस देतात, म्हणजे तेल धाग्यांत उतरून कापड कुजत नाहीं. त्यावर पांढरें अस्तर, तें वाळल्यावर घांसून गुळगुळीत करावयाचें. मग मूळ चित्राच्या छापील प्रतीवर आणि कापडावर सारख्याच संख्येचे चौकोन आंखून कोळशानें रेखाटन करतात. माझ्या विद्यार्थ्यानें माप निम्में धरलें, म्हणजे सुमारें ६६ बाय १४० सेंटिमीटर. यानंतर टर्पेंटाइनमध्यें पातळ केलेल्या पिवडीचा व उंबराचा एक हात साऱ्या पृष्ठावर देतात. पांढऱ्या कापडावर सर्वच रंग काळवंडलेले भासतात. या मातकट भूमीवर उजेड आणि छाया या दोहोंचें तारतम्य नीट कळतें.

यावर एकाच तपकिरी रंगांत, पांढऱ्याच्या मदतीनें, संपूर्ण चित्र उठवावयाचें. हा थर वाळला कीं वस्तूंचे खरे रंग, आणि सर्वांशेवटीं तेलांत कालविलेले पारदर्शक रंगांचे हात. प्रकाश या पातळ पडद्यांतून खालच्या थरापर्यंत जातो आणि तेथून परततो. म्हणून छायेला खोली येते. नियम असा कीं, छाया पातळ ठेवावी, उजेड जाड रंगवावा. रेपिनचे वरचे फटकारे मात्र मोकळे व धीट आहेत. खालीं घडण पक्की असली तरच वर असा हात सैल सोडतां येतो. आपल्या विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांतही आधीं भिंतीचा लेप, मग 'वर्तना' म्हणजे उठाव, असाच क्रम आहे. पानाच्या शिरांसारख्या रेषांनीं, अतिसूक्ष्म रेषांनीं आणि बिंदूंनीं असे वर्तनेचे तीन प्रकार तेथें सांगितले आहेत.

कोंकणांत या कामाला एक शत्रु आहे, तो पाऊस. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें. दमट व कोंदट दिवसांत हें काम मंदावतें आणि कापडावर बुरशी चढते. म्हणून दिवाळीनंतर आरंभ करून मृगापूर्वीं आटोपावें. दुसरा नियम असा कीं, खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे असावेत. उलट केल्यास वरची साय आधीं आवळते, खालचा थर मागाहून हलतो, आणि चित्रास भेगा पडतात. उंबर तळाशीं वापरतात तो याचसाठीं. त्यांतील मँगनीजमुळें तेल लवकर वाळतें. रोगण तर सहा महिने ते वर्ष लोटल्यावरच द्यावें.

रोगणाची घाई किती महाग पडते याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. १८५७ सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृति करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून भिंतींवर रोगण फांसलें गेलें, तें पुढें पिवळें पडलें, आणि तें काढण्याचे कष्ट पुढील पिढ्यांस पडले. त्यापूर्वीं रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ सालीं जळाल्या. ग्रिफिथ्सच्याही पुष्कळ प्रती १८८५ च्या आगींत गेल्या. तरी ज्या वांचल्या त्यांत, लेण्यांतून आतां पुसट झालेले कित्येक भाग पाहावयास मिळतात. अनुकृतीची किंमत मूळ झिजूं लागल्यावर कळते. आपल्या ओसरीवरची राजा रविवर्म्यांची लक्ष्मी हीदेखील अनुकृतीच. त्यांच्या छापखान्यांत, जो १८९४ सालीं मुंबईस निघून पुढें मळवलीस गेला, एकेका रंगाची वेगळी शिळा करून ठशावर ठसा उठवीत. थरांची विद्या अशी आपल्या घरांत पूर्वींच येऊन बसली होती.

आतां मुख्य गोष्ट. तपकिरी थर चालू असतां एके दिवशीं तो विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, चेहरे जमतात, पण हा पट्टा जमत नाहीं. तो अंगावर नुसता ठेवल्यासारखा दिसतो." तीन आठवडे त्यानें तोच भाग पुसला व पुन्हां काढला. अखेर त्याच्या ध्यानीं आलें कीं, हीं माणसें तोलाच्या पलीकडे झुकलीं आहेत. दोर तुटला तर तीं सारीं तोंडघशीं पडतील. "पट्टा त्यांच्या अंगावर नाहीं, गुरुजी, तेच पट्ट्यावर आहेत." नुसतें पाहून हें मला साठ वर्षांत दिसलें नव्हतें आणि छायाचित्र काढून त्यालाही दिसलें नसतें. हातानें तें पुन्हां घडवावें लागलें, तेव्हां दिसलें.

बिरवाडीच्या रस्त्यानें औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांना जाणारे-येणारे मजूर आपण रोज पाहतों, आणि पाहतही नाहीं. जवळच महाडास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. शेजारच्या माणसाची तहान आपल्यासारख्या घरांना शतकानुशतकें दिसली नव्हती, म्हणून तो दिवस यावा लागला. डोळे असणें आणि दृष्टि असणें यांत एवढें अंतर आहे. अकरा मजुरांच्या खांद्यांवर सहा महिने कुंचला चालविणाऱ्या मुलाला तें अंतर थोडें तरी तोडतां येतें.

तेव्हां घरांतील मूल कोणा थोर चित्रकाराची अनुकृति करूं लागलें, तर त्यास हिणवूं नये. दोन गोष्टी मात्र शिकवाव्या. माप मूळाहून वेगळें ठेवावें; पॅरिसच्या लुव्र संग्रहालयांतही प्रत करणारास मूळ मापाची प्रत करूं देत नाहींत. आणि चित्राच्या कोपऱ्यांत मूळ कर्त्याचें नांव आधीं, आपलें मागाहून लिहावें. एवढें पाळलें म्हणजे अनुकृति चोरी राहत नाहीं. ती संथा होते.