शुद्ध हरपण्याआधी काय जाणवले?

बेशुद्धीचे कारण बऱ्याचदा तिच्या आधीच्या मिनिटभरात सापडते. इंदूरच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीत, मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना, यंत्रापाशी तासन्‌तास उभा असलेला कामगार कोसळला की ‘ऊन लागले’ हे उत्तर तयारच असते. ते अनेकदा अपुरे ठरते.

मळमळ, अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढराफटक, डोळ्यांपुढे अंधारी आणि कानात गुंज हा क्रम साध्या भोवळीचा. रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते; आडवे होताच शुद्ध येते. बसलेल्या जागेवरून उठताना भोवळ आली, तर शरीरातले पाणी कमी झाले असावे किंवा रक्तदाबाची गोळी जास्त होत असावी. साखर उतरली की मधुमेहींना भूक, थरथर आणि घाम जाणवतो. त्यांची साखर लगेच तपासावी. उष्माघातात अंग भाजते, बोलणे असंबद्ध होते.

सर्वांत धोकादायक बेशुद्धी सूचना न देणारी. काम करता करता, किंवा छातीत धडधड होऊन माणूस एकदम पडला, तर संशय हृदयावर घ्यावा. ईसीजीला पर्याय नाही. काही सेकंदांचे झटके साध्या भोवळीतही येतात, म्हणून त्यांवरून लगेच फेफरे ठरवू नये. जीभ कडेला चावलेली आणि नंतर बराच वेळ गोंधळलेपण असेल, तर मात्र फेफऱ्याची शक्यता वाढते. कांदा हुंगवण्याने यांपैकी काहीच कळत नाही. पाय उंच करावेत, शुद्ध मिनिटभरात न आल्यास १०८ला फोन करावा.