तांबड्या समुद्रातील महाकाय शिंपला : वर्णन आणि नामकरण

एखादा प्राणी वेगळा दिसला म्हणून तो नवी जाती ठरत नाही. त्याचे नेमके वर्णन करावे लागते, जवळच्या जातींशी तुलना करावी लागते आणि तेच वर्णन पूर्वी कोणी केले आहे काय, हेही तपासावे लागते. ट्रायडॅक्ना या प्रजातीतील एका शिंपल्याच्या उदाहरणाने या तिन्ही पायऱ्या स्पष्ट होतात.

तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला असलेल्या अकाबाच्या आखातात ट्रायडॅक्ना मॅक्झिमा या शिंपल्याच्या पैदाशीचे प्रयत्न चालू असताना संशोधकांना काही निराळे नमुने आढळले. २००८ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात ही जाती ट्रायडॅक्ना कोस्टाटा या नावाने प्रसिद्ध झाली. ‘कोस्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ बरगडी असा होतो.

कवचाची रचना

सर्व शिंपल्यांप्रमाणे याचेही कवच बिजागरीने जोडलेल्या दोन पुटांचे असते. मॅक्झिमाचे कवच लांबट असते, त्यावरील खवले बारीक व दाट असतात आणि हा प्राणी प्रवाळखडकात रुतून राहतो. ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसाच्या कवचावरील खवले मोठे व एकमेकांपासून दूर असतात. तिसऱ्या जातीच्या प्रत्येक पुटावर मात्र पाच ते सात खोल, उभ्या घड्या असतात. त्यामुळे कवचाची कड नागमोडी न दिसता करवतीच्या दात्यांसारखी दिसते. हेच तिचे प्रमुख ओळखचिन्ह होय.

शरीररचना

महाकाय शिंपल्यांत बिजागरी खाली आणि प्रावाराची मांसल कड वर, प्रकाशाकडे असते. प्रावाराच्या जोडलेल्या कडांमध्ये पाणी आत घेणारे एक व बाहेर सोडणारे एक अशी दोन छिद्रे असतात. जठरापासून निघालेल्या सूक्ष्म नलिका प्रावारात पसरतात व त्यांत सहजीवी शैवाल राहते. शैवालाने तयार केलेल्या अन्नाचा वाटा शिंपल्याला मिळतो. या जातीच्या प्रावारावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. तिचा प्रजननकाळ वसंत ऋतूत येतो आणि तो थोडक्यात संपतो. तांबड्या समुद्रातील इतर दोन जातींचा प्रजननकाळ यानंतरचा व अधिक लांब असतो. डीएनएच्या तपासणीतही तिचे वेगळेपण सिद्ध झाले.

शैवालाला प्रकाश हवा, म्हणून ही जाती अगदी उथळ पाण्यात राहते. परंतु उथळ पाण्यातला शिंपला माणसाच्याही हाती सहज लागतो. तेथील जिवंत महाकाय शिंपल्यांत हिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, तर जीवाश्मांत ते ८० टक्क्यांहून अधिकपर्यंत आढळले. कवचांचा आकारही काळाच्या ओघात घटला. यावरून माणसाने केलेली तिची अतिरिक्त उचल सव्वा लाख वर्षांपूर्वीपासूनची असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

नावाचा प्रश्न

२०११ साली ह्यूबर व एश्नर यांनी या जातीचा संबंध व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी जोडून दाखवला. ‘पोला’ या जहाजावरून झालेल्या तांबड्या समुद्राच्या मोहिमांतील सामग्रीवरून रुडोल्फ स्टुरानी यांनी १८९९ मध्येच ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसिना हे नाव दिले होते. पुढे त्याचा विसर पडला. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार एकाच जातीला दोन नावे असल्यास आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. म्हणून आज ही जाती स्क्वॅमोसिना या नावाने ओळखली जाते. नाव बदलले, तरी २००८ मधील रचना, प्रजनन व घट यांविषयीचे निरीक्षण रद्द झाले नाही. ते जुन्या नावाखाली नोंदले गेले.

अध्यापनाच्या दृष्टीने

मॅक्झिमा व स्क्वॅमोसा या जाती लक्षद्वीपमध्येही आढळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण असल्याने महाविद्यालयीन संग्रहासाठी त्यांची कवचे गोळा करता येत नाहीत. बिजागरी, स्नायूंचे ठसे व प्रावाररेषा दाखवण्यास बाजारातील तिसऱ्या पुरेशा आहेत. विद्यार्थ्यांकडून प्रत्येक नमुन्याला स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असलेली चिठ्ठी मात्र अवश्य लावून घ्यावी. व्हिएन्नातील नमुने शतकानंतर उपयोगी पडले, ते अशाच नोंदींसह जपून ठेवले होते म्हणून.