तालमीच्या आखाड्यातून फुटबॉलच्या मैदानावर



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणीच्या नोंदी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. गटागटांतून फिरताना सभासदांची पोरे आम्हांला विचारतात, "साहेब, गावात फुटबॉलचा क्लब काढायचा म्हटलं तर काय काय लागतं?" पोरांना वाटते, चेंडू आणला, अकरा जण जमले की झाला क्लब. तसे नसते. संघ एका दिवसात जमतो, संस्था मात्र जमत नाही. आपल्याकडे गणपतीत उगवलेली कितीतरी मंडळे दिवाळीपर्यंत दिसेनाशी होतात, हे आपण पाहतोच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या क्लबांची हकीगत सांगावी, असे आम्हांस वाटले.

त्यासाठी फार लांब जायला नको. कोल्हापूर म्हटले की आपल्याला गूळ, ऊस आणि कुस्ती आठवते. पण तिथल्या पेठांमधल्या माणसांचे दुसरे वेड फुटबॉलचे आहे आणि ते कुस्तीच्याच घरात वाढले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमींना जोर आला. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे. गल्लीतले तंटे मिटवायचे तिथे, गणपती बसवायचा तिथे आणि अडीअडचणीला धावून जायची पोरे जमायची तीही तिथेच. २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढायला आणि जेवण पुरवायला याच तालमींची आणि मंडळांची पोरे पुढे होती.

पुढे याच तालमींनी फुटबॉल उचलला. म्हणून तिथल्या संघांची नावे ऐकली की परक्या माणसाला गंमत वाटते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम आणि उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम! 'प्रॅक्टिस क्लब' असे इंग्रजी नाव घेतलेलाही एक जुना संघ आहे. पण सगळ्यांच्या पाठीमागे गल्ली आणि पेठ आहे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची चुरस तर अशी, की सामन्याच्या दिवशी एका घरातले साडू-मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात. (थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.)

या सगळ्या संघांना एका दोरीत बांधण्याचे काम १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने केले. लोक तिला नुसते 'केएसए' म्हणतात. वरच्या गटात सोळा संघ असतात. शाहू स्टेडियमवर साखळी सामने होतात. जिंकला त्याला तीन गुण, बरोबरी झाली तर एकेक. गुणांच्या तक्त्यात तळाशी राहिला तो खालच्या गटात जातो आणि खालचा चांगला संघ वर येतो. साखळी संपली की चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा असतात. खेळणारे बहुतेक कॉलेजची पोरे, दुकानात किंवा कारखान्यात काम करणारी माणसे. पोटापाण्याचा धंदा वेगळा, फुटबॉल हौसेचा. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

सगळेच गोड आहे असे नाही. ईर्ष्येपायी स्टेडियमवर हुल्लडबाजी झाली, दगड पडले आणि त्यापायी सामने थांबवण्याची पाळीही आली. दुसरी गोष्ट आम्हांस जास्त खुपते. चषक जिंकायच्या घाईत बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेसुद्धा खेळाडू पैसे देऊन आणले जातात. आणावेत, त्यांच्याकडून शिकायलाही मिळते. पण दरसाल बेणे विकतच आणायचे आणि स्वतःचा बेणेमळा राखायचाच नाही, असे केले तर काय होते, हे उसवाल्याला सांगायला नको. नांग्या भरायला चार रोपे बाहेरून आणली तर चालते. सगळे रानच त्यावर उभे करू नये. तालमीतली बारा वर्षांची पोरे बाकावर बसून राहिली तर दहा वर्षांनी तालमीचे नाव सांगायला कोण उरणार?

आता याच्या जोडीला जर्मनी पाहा. तिथल्या लहान लहान गावांतही फुटबॉलचा क्लब असतो. देशात असे सुमारे चोवीस हजार क्लब आहेत. त्यांचेही मूळ तालमीतच आहे. १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने बर्लिनमध्ये उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले आणि तेथून गावोगाव व्यायाम मंडळे निघाली. फुटबॉल नंतर आला. १९०० साली लाइपझिग शहरात ८६ क्लबांनी मिळून राष्ट्रीय संघटना उभारली. क्लब नोंदवायला किमान सात सभासद लागतात, वार्षिक वर्गणी असते आणि सर्वसाधारण सभा कारभारी निवडते. एका सभासदाला एकच मत, मग तो सावकार असो की गवंडी. हे वाचून आपल्याला ओळखीचे वाटेल, आणि वाटावेच. रायफायझेनने १८६० च्या दशकात जर्मनीच्याच खेड्यांत शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या आणि आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी कायद्यामागे तोच नमुना होता.

या क्लबांवर वाईट दिवसही आले. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली तेव्हा कामगारांचे क्रीडा क्लब बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली गेली आणि बाकीच्या क्लबांतून ज्यू सभासदांना काढून टाकण्यात आले. कालपर्यंत शेजारी खेळलेल्या माणसाला बाहेर काढताना बहुतेक क्लब गप्प बसले, ही गोष्ट तिथले लोक आता स्वतःच्या इतिहासात लिहू लागले आहेत. १९४५ नंतर जेत्या राष्ट्रांनी जुने क्लब विसर्जित केले आणि गावकऱ्यांना ते पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागले. पुढे मोठ्या क्लबांत पैसेवाले शिरू लागले, तेव्हा १९९८ मध्ये नियम आला की निम्म्याहून जास्त मते सभासदांच्या क्लबाकडेच राहिली पाहिजेत. हॅम्बुर्ग शहरातल्या सेंट पाउली क्लबने तर २०२४ मध्ये स्टेडियमसाठी सरळ सहकारी संस्थाच काढली आणि वीस हजारांवर लोकांनी तिचे भाग घेतले.

आता पोरांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडेही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सातच जण लागतात. घटना लिहावी, नोंदणी धर्मादाय कार्यालयात करावी, आणि दरसाल हिशेब तपासून सभेपुढे ठेवावा. हे शेवटचे काम कंटाळवाणे खरे, पण मंडळे मोडतात ती बहुधा इथेच. वर्गणी कुणाच्या खिशात गेली, या एका प्रश्नावर.

जमिनीचे म्हणाल तर नियमाप्रमाणे लहानात लहान मैदान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद चालते. म्हणजे बरोबर एक एकर. मोठ्या सामन्यांचे १०५ बाय ६८ मीटरचे मैदान पावणेदोन एकरांत बसते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात, तेव्हा शक्यतो मुरमाड जागा पाहावी आणि कडेने चर काढावा. वर गवत कोणते लावायचे? जी हरळी आपण उसातून खणून खणून थकतो, तीच. तुडवली तरी मरत नाही, कापली की दाट होते. मैदान मात्र कुणाच्या उसाच्या बांधाला लागून घेऊ नये, नाहीतर पहिला तंटा तिथेच सुरू होईल.